सहा मीटरची फीत आणि आमच्या पोरी

ऑगस्ट लागला की आमच्या शिंदखेड्याच्या शाळांमधून ढोल वाजायला लागतो. पंधरा ऑगस्टची तयारी सुरू झालेली असते. लेझीम, डंबेल्स, रिंगा, रंगीत फिती. पटांगणात चिखल असतो, तरी पोरी रांगा धरून उभ्या राहतात. एकीचा हात चुकला की सरांची शिट्टी, आणि सगळ्या पुन्हा पहिल्यापासून. पंधरा ऑगस्ट उरकला की लेझमा खोलीत जातात आणि खोलीला कुलूप लागतं. ते उघडतं थेट सव्वीस जानेवारीच्या आधी.

ह्याच ऑगस्ट महिन्यात, २०२४ साली, पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये काही पोरी रिंगा, चेंडू आणि फिती घेऊनच उतरल्या होत्या. त्या खेळाला रिदमिक जिम्नॅस्टिक्स म्हणतात, म्हणजे तालबद्ध जिम्नॅस्टिक्स. आमच्या कवायतीची आणि त्या खेळाची बरोबरी आम्ही करत नाही. त्या पोरींची मेहनत फार मोठी आहे. पण ताल, वळण आणि हातातलं साधन ह्या गोष्टी आमच्या पोरींना परक्या आहेत, असं मात्र कोणी सांगू नये. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ज्यांनी आमच्या पोरींची लेझीम पाहिली, त्यांना ते पटणारही नाही.

हा विषय आज काढायचं कारण म्हणजे एका माउलीचं पत्र. शिंदखेडा तालुक्यातल्याच आहेत, नाव छापू नका म्हणाल्या. त्यांची मुलगी दहा वर्षांची आहे. तिने मोबाईलवर हा खेळ पाहिला आणि तेव्हापासून जुन्या लुगड्याचा काठ काडीला बांधून ती अंगणात फिरवत असते. आजी म्हणते, "पोरनी जात, उड्या मारीसन काय करशी?" वडील काही बोलत नाहीत, पण त्यांना तो पोशाख पसंत नाही. माउली विचारतात, ह्या खेळाला पुढे काही आहे का, की पोरीला आत्ताच आवरावं?

प्रश्न साधा आहे, पण उत्तर देण्याआधी हा खेळ काय आहे ते नीट समजून घेऊ.

तेरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद गालिचा असतो. त्यावर एकट्या मुलीने संगीताच्या तालावर सव्वा ते दीड मिनिटात आपली रचना करून दाखवायची. दर वेळी हातात एक साधन. मोठ्या मुलींच्या वैयक्तिक स्पर्धेत चार साधनं असतात: रिंग, चेंडू, मुदगलासारखी दिसणारी दोन छोटी क्लब्ज आणि फीत. फीत सहा मीटर लांब असते, म्हणजे आमच्या नऊवारी लुगड्याच्या जवळपास पाऊणपट. ती काडीला बांधलेली असते आणि रचना चालू असताना तिने सतत हलत राहायचं. गाठ पडली की गुण गेले. चेंडू किमान चारशे ग्रॅमचा, तो पकडून धरायचा नाही, तळहातावर तोलायचा. साधन उंच फेकायचं, ते वर असेपर्यंत खाली गिरक्या घ्यायच्या आणि न बघता पाठीमागे झेलायचं. सामूहिक प्रकारात पाच मुली एकत्र उतरतात आणि साधनं एकमेकींकडे फेकतात. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ फक्त मुलींचा आहे. वैयक्तिक स्पर्धा १९८४ साली लॉस एंजेलिसला सुरू झाली, सामूहिक १९९६ साली अटलांटाला.

आता पॅरिसचे निकाल सांगतो. वैयक्तिक स्पर्धेत जर्मनीच्या दार्या वारफोलोमेएवने १४२.८५० गुणांनी सुवर्ण घेतलं. बल्गेरियाच्या बोर्याना कालेइनला १४०.६०० गुणांवर रौप्य आणि इटलीच्या सोफिया राफाएलीला १३६.३०० गुणांवर कांस्य मिळालं. सामूहिक स्पर्धेत चीन ६९.८०० गुणांनी पहिला, इस्राएल ६८.८५० वर दुसरा आणि इटली ६८.१०० वर तिसरा.

आकडे वाचून पुढे जाऊ नका, त्यामागची माणसं बघा. दार्या तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचा जन्म रशियातल्या सायबेरियाचा. बाराव्या वर्षी ती जर्मनीत खेळ शिकायला आली तेव्हा तिला तिथली भाषा येत नव्हती. नवा देश, नवी शाळा, नवी भाषा, आणि आईबाप लांब. २०२३ साली वॅलेन्सियाच्या जागतिक स्पर्धेत तिने वैयक्तिकची पाचही सुवर्णपदकं घेतली आणि पुढच्याच वर्षी ऑलिम्पिकचं. त्याआधी ह्या खेळात जर्मनांच्या नावावर ऑलिम्पिकचं एकच पदक होतं, १९८४ सालचं कांस्य.

चीनची गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. हा खेळ वर्षानुवर्षं रशिया, बल्गेरिया, युक्रेन ह्या देशांची मक्तेदारी समजला जाई. आशियातल्या मुलींचं अंगच त्यासाठी नाही, असं बोलणारेही होते. चीनने २००८ साली बीजिंगमध्ये सामूहिक रौप्य घेतलं आणि सोळा वर्षांनी सुवर्ण. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोला जागतिक स्पर्धा झाली, तिथे सामूहिक सर्वांगीण सुवर्ण जपानने नेलं आणि रौप्य यजमान ब्राझीलने. म्हणजे "हे त्यांचंच काम, आपलं नव्हे" ही भाषा तिथेही बोलली जात होती आणि तिथेही ती खोटी ठरली. अशी भाषा आमच्या वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली आहे. तेव्हा ती ओळखायला आम्हांला वेळ लागत नाही.

ह्या खेळात शर्यतीसारखं घड्याळ नसतं की फुटबॉलसारखा गोल नसतो. गुण माणसं देतात. म्हणून गुण कसे दिले जातात हे समजून घेतलं पाहिजे. रचना किती अवघड, त्याचे गुण वेगळे. ती कलेच्या अंगाने कशी बसवली, त्याचे जास्तीत जास्त दहा. ती किती सफाईने केली, त्याचे जास्तीत जास्त दहा. कला आणि सफाईसाठी प्रत्येकी चार परीक्षक असतात. त्यांतला सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा काढून टाकतात आणि मधल्या दोघांची सरासरी धरतात. एखाद्याची माया किंवा आकस गुणांत उतरू नये म्हणून ही सोय. साधन हातातून पडलं आणि जागेवरच उचललं तर अर्धा गुण जातो, एकदोन पावलं जावं लागलं तर ०.७०, त्याहून लांब गेलं तर पूर्ण एक. गालिच्याच्या बाहेर पाय किंवा साधन गेलं की ०.३०. हे सगळं लिहून ठेवलेलं आहे आणि कोणालाही वाचता येतं.

तरीही गडबड होतेच. २०२४ साली बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत पॅरिसच्या एका जागेसाठी सायप्रस आणि पोलंड ह्या दोन देशांच्या मुलींमध्ये चुरस होती. जागा सायप्रसच्या मुलीला मिळाली. तक्रार झाली, चौकशी झाली आणि परीक्षकांवर देखरेख करणाऱ्या, स्वतः सायप्रसच्याच असलेल्या प्रमुख बाईंवर गुणांत ढवळाढवळ केल्याबद्दल चार वर्षांची बंदी आली. खेळलेल्या मुलीवर ठपका नव्हता. पण बंदीचा निर्णय आला २०२५ साली, आणि तोवर पॅरिस होऊन गेलं होतं. पोलंडच्या पोरीचं ऑलिम्पिक काही परत आलं नाही.

आमच्या घरांतल्या कितीतरी मुलांनी तोंडी परीक्षेचे आणि मुलाखतीचे गुण पाहिलेले आहेत. लेखी परीक्षेत पुढे आणि मुलाखतीत मागे, हा अनुभव कोणाला नवा नाही. त्यावर रडून उपयोग नसतो आणि गप्प बसूनही नसतो. नियम वाचायचा, मुदतीत तक्रार करायची, कागद जपून ठेवायचा. बुडापेस्टचं प्रकरण उघडं पडलं ते कोणीतरी गुणतक्ता बारकाईने वाचला आणि लेखी विचारलं म्हणूनच.

आता आपल्या देशाकडे येऊ. रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये आजवर एकही भारतीय मुलगी ऑलिम्पिकला गेलेली नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र आपल्या मुली खेळल्या आहेत. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या संघात पूजा सुर्वे, अक्षता शेटे आणि क्षिप्रा जोशी ह्या महाराष्ट्राच्या मुली होत्या. तिथे वैयक्तिक सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या नाझमी जॉन्स्टनने घेतलं. आपल्याला पदक मिळालं नाही, पण पूजा सुर्वे पुढे ठाण्यात प्रशिक्षक म्हणून उभ्या राहिल्या. २०१८ साली गोल्ड कोस्टला हैदराबादकडची मेघना रेड्डी वैयक्तिक सर्वांगीण अंतिम फेरीपर्यंत गेली. २०२२ साली बर्मिंगहॅमला जम्मूची बवलीन कौर खेळली.

आणि २०२३ साली गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ठाण्याच्या संयुक्ता काळेने चार सुवर्णं आणि एक रौप्य घेतलं. ओडिशाकडून खेळणाऱ्या प्रणती नायकचीही तेवढीच पदकं होती, म्हणून सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान दोघींना मिळून देण्यात आला. त्या स्पर्धेत महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह एकूण २२८ पदकं घेऊन पहिला क्रमांक मिळवला. संयुक्ताला शिकवणाऱ्यांत त्याच पूजा सुर्वे आहेत. एकीने मिळवलेलं ज्ञान दुसरीला दिलं की तेरा वर्षांत काय होतं, ते ह्यात दिसतं.

पण एक गोष्ट वाचकांच्या नजरेतून सुटली नसेल. ठाणे, मुंबई, हैदराबाद, जम्मू. सगळी शहरं. त्यात धुळे नाही, नंदुरबार नाही, शिंदखेडा तर नाहीच. खानदेशातल्या पोरींच्या अंगात चपळाई नाही का? कापसाच्या वेचणीला दिवसभर वाकणाऱ्या आणि उन्हाळ्यात दोन दोन हंडे डोक्यावर तोलत येणाऱ्या पोरींना तोल शिकवायला नको. त्यांना हवं आहे उंच छताचं सभागृह, गालिचा आणि रोज येणारा प्रशिक्षक. ह्या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे पदकं आहेत.

गाव लहान म्हणून काही होत नाही, असंही नाही. दीपा कर्माकर त्रिपुरातल्या आगरतळ्याची. तिचा प्रकार वेगळा, आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सचा. २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये ती व्हॉल्टमध्ये चौथी आली. तिचे गुण १५.०६६ आणि कांस्यपदक घेणारीचे १५.२१६. अवघ्या ०.१५० ने पदक हुकलं. आगरतळा काही मुंबई नव्हे. पण तिथे बिश्वेश्वर नंदी नावाचा प्रशिक्षक होता आणि तो वर्षानुवर्षं तिच्यामागे उभा राहिला. एका माणसाने ठाण मांडलं की गावाचं नाव जगात जातं.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळतो. ताई, तुम्हांला खोटी आशा दाखवणार नाही. ह्या खेळात वरच्या पातळीवर जाणाऱ्या मुली साधारण पाचव्या, सहाव्या, सातव्या वर्षी सुरुवात करतात, कारण अंगाचा लवचिकपणा त्या वयात लवकर येतो. तुमची मुलगी दहा वर्षांची आहे आणि जवळपास शिकवणारं कोणी नाही. ऑलिम्पिकचं स्वप्न दाखवून तिला ताणू नका. नुसतं मोबाईलवर पाहून पाय ताणणं, पाठ मागे वाकवणं हे तर मुळीच करू देऊ नका. चुकीच्या ताणाने कंबर आणि गुडघा कायमचा दुखावतो.

पण तिला आवरूही नका. काठाची फीत फिरवणारी पोर ताल, तोल आणि नजर ह्या तीन गोष्टी शिकते आहे. त्या कुठल्याही खेळात कामाला येतात. आपल्याकडे मल्लखांब आहे. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब असतो, त्याला लागतो एक मजबूत दोर, वर टांगायला पक्का आधार, खाली गादी आणि जाणकार शिक्षक. खो-खोला तर दोन खांब आणि मोकळी जागा पुरते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८ विरुद्ध ४० असं हरवलं, आणि त्या संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटा, तालुक्याच्या शालेय स्पर्धेत कोणत्या खेळांत मुलींचा संघ जातो ते विचारा आणि पोरीचं नाव त्यात घाला.

पोशाखाचं म्हणाल तर वडिलांना एवढंच सांगा. ह्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अंगाला बसणारा, पारदर्शक नसलेला पोशाख सांगितला आहे आणि पाय घोट्यापर्यंत झाकणारा लांब पोशाखही चालतो. अंगाची रेघ परीक्षकाला दिसावी म्हणून तो तंग असतो, दुसऱ्या कशासाठी नाही. आणि सुरुवात करायला तर साधी ट्रॅकपँट आणि टी-शर्ट पुरे. लोक काय म्हणतील ह्याची काळजी आमच्या आधीच्या पिढीने केली असती, तर आमच्या आया शाळेच्या पायरीवरही चढल्या नसत्या.

खाण्याचंही बोलायला हवं. ह्या खेळात सडपातळ अंगाला किंमत आहे, त्यामुळे जगभर काही ठिकाणी कोवळ्या पोरींना उपाशी ठेवण्याचे प्रकार झाले आणि त्यावर टीकाही झाली. आमच्या घरात तर उलटीच अडचण आहे. पोरगी आधीच अशक्त, आणि घरात शेवटी जेवणारीही तीच. खेळणाऱ्या पोरीला भाकरी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी आणि जमेल तेव्हा अंडं भावाच्या बरोबरीने मिळालंच पाहिजे. रिकाम्या पोटी गिरकी घेतली तर चक्कर येते, पदक येत नाही.

आजींना आमचा नमस्कार सांगा. "उड्या मारीसन काय करशी" ह्याचंही उत्तर आहे. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी आणि बारावीला शालेय स्पर्धेतल्या पातळीप्रमाणे आणि क्रमांकाप्रमाणे सवलतीचे क्रीडागुण मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे मुदतीत जावा लागतो. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून दरवर्षी शाळा उघडली की पहिल्या महिन्यातच विचारून घ्या. प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, पत्र्याखाली ठेवलीत तर पहिल्याच पावसात जातील. आणि पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात उघडकीला आलेली आहेत. त्यात पोरांच्या लागलेल्या नोकऱ्या धोक्यात येतात आणि खऱ्या खेळाडूची जागा जाते ती वेगळीच.

हे झालं एका घरापुरतं. गावापुरतंही काही बोललं पाहिजे. आम्ही तालुक्यात फिरतो तेव्हा एक चित्र सारखं दिसतं. संध्याकाळी मैदानावर पोरं क्रिकेट खेळत असतात आणि पोरी कडेला उभ्या राहून धाकट्या भावाला सांभाळत बघत असतात. सातवी-आठवीनंतर तर बघायलाही येत नाहीत. त्या कुठे जातात, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पोरगी मोठी झाली, एवढ्या तीन शब्दांत तिचा खेळ संपतो.

त्यासाठी आम्ही तीन गोष्टी सुचवतो. पहिली, पुढच्या पालकसभेत सगळ्या आयांनी मिळून विचारावं: ह्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेला किती मुलगे गेले आणि किती मुली? आकडा लेखी मागा. तोंडी उत्तर वाऱ्यावर जातं. दुसरी, आपल्या वस्तीतलं समाजमंदिर किंवा विहाराचं सभागृह संध्याकाळी पाच ते सात मुलींसाठी खुलं ठेवा. तिथे दोन जुन्या गाद्या, लेझमा आणि रिंगा असल्या तरी सुरुवात होते. शाळेच्या कुलपात पडलेलं साहित्य मुख्याध्यापकांकडे अर्ज करून मागता येतं. रोज एक आई तिथे बसली की पोरींना घरी बोलावून घेण्याचं कारणही उरत नाही. तिसरी, नगरपंचायत आणि ग्रामपंचायतीकडे मैदानाची आणि सभागृहाची मागणी करताना त्या अर्जात मुलींसाठी वेगळी वेळ आणि स्वच्छतागृह हे दोन शब्द विसरू नका. कपडे बदलायला जागा नाही म्हणून खेळ सोडणाऱ्या पोरी आम्ही पाहिल्या आहेत.

ह्यातून उद्या ऑलिम्पिक गाठलं जाईल असं आमचं म्हणणं नाही. २०२८ चं ऑलिम्पिक पुन्हा लॉस एंजेलिसलाच आहे, जिथे चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ह्या खेळाची सुरुवात झाली. तिथे खानदेशची पोर दिसणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण आज जी पोर सहा वर्षांची आहे, तिच्यासाठी धुळ्यात एक गालिचा अंथरला गेला आणि शिकवणारी एक ताई रोज येऊ लागली, तर पुढच्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्राच्या संघात आमच्या बाजूचं एखादं नाव का येऊ नये? ठाण्यालाही तेरा वर्षं लागलीच होती.

तुमच्या गावात मुलींचा कोणता संघ आहे, त्यांना मैदान मिळतं की नाही आणि पालकसभेत काय उत्तर मिळालं, ते आम्हांला कळवा. पोस्टकार्ड चालेल. आलेले आकडे गावांच्या नावांसह ह्याच पानावर देऊ. आणि त्या माउलीला एक सांगणं: काठ बांधलेली ती काडी टोकदार असेल तर टोकाला कापड गुंडाळा. पोरीच्या डोळ्याला लागायला नको.